बसून वाजवणारा

दादा, तू गेलास त्या दिवशी मला गाढ झोप लागली. हे बाहेर कुणाला सांगायची सोय नाही. घर माणसांनी भरलेलं, वहिनीच्या माहेरची मंडळी भिंतीला टेकून बसलेली, आणि तुझी सख्खी धाकटी बहीण आतल्या खोलीत घोरतेय. उठल्यावर मावशी चहा देत म्हणाली, "दमलीयास गं. दवाखान्यात लई खेटं घातलंस." मी मान हलवली. दमले होतेच. पण नर्सची नोकरी करणारं माणूस नुसत्या दमण्यानं असं झोपत नाही. बरीच वर्षं एक काळजी माझ्या उशाशी बसून होती, ती उठून गेली होती.

कोणती काळजी, ते तुला माहीत आहे. तरी पहिल्यापासून सांगते, कारण तू मला कधी पुरतं बोलू दिलं नाहीस. अर्ध्यातच "बास की आता" म्हणून पाणी मागायचास. मला वाटायचं, आपल्या घरानं तुझ्या हातातलं काहीतरी काढून घेतलं. तू कॅसेटच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा ड्रमर झालास, कोल्हापुरात नाव मिळवलंस, सगळं खरं. पण आबांनी घरात एक गोष्ट नाही म्हटली नसती तर तू याच्या कितीतरी पुढं गेला असतास, आणि ते तुला आतून सलत असणार, असं मी धरून चालले होते. बहीण म्हणून नुसतं बघत राहावं लागलं याचा मला राग यायचा. आबांचाही यायचा, तुझाही यायचा.

आजोबा हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे त्यांना वाजवावी लागायची. हातकणंगल्याजवळच्या आपल्या त्या गावात दवंडी असो, वरात असो, कुणाची तिरडी असो, निरोप आला की पुढ्यातलं ताट सारून उठायचं आणि सगळ्यांच्या पुढं चालत वाजवायचं. मोबदला म्हणजे उरलंसुरलं. आपल्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा ठरलं, गावकीची कामं आजपासून बंद. आबा तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. त्यांनी खुंटीवरची हलगी काढली आणि विळ्यानं तिचं कातडं टरकावलं. राहिलेलं कडं आजीनं घागर टेकवायला घेतलं, आणि ते आम्ही लहानपणी सुट्टीला जायचो तेव्हाही घागरीखालीच होतं.

पुढं आबा कोल्हापुरात आले, उद्यमनगरात फौंड्रीत लागले, आणि आपल्या दोन खोल्यांच्या संसाराला त्यांनी एकच कायदा केला. या घरात कातड्याचं वाद्य येणार नाही. शेजारच्या काकूंनी एकदा जोतिबाच्या यात्रेहून आपल्याला खेळण्यातली दोन डमरू आणली होती, आठवतंय? आबांनी त्यांच्यासमोर तोंडभर कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी डमरू गायब. तू रडलास. मी तर जास्तच रडले, कारण माझं लाल होतं.

पण तू कुठं गप्प बसणार. डबा, ट्रंक, बाकडं, आईची परात, हाताला येईल ते बडवायचास. शाळेच्या बँडपथकात तुला घेतलं आणि तू गळ्यात अडकवायचा तो ड्रम घेऊनच घरी आलास. दारातच ओरडलास, "आबा, कातडं न्हाय ह्याला. प्लाश्टिक हाय, बगा." आबांनी ड्रम हातात घेतला, नखानं खरवडला, आणि नाकाशी नेऊन वास घेतला. मी दाराआडून बघत होते.

"चालत वाजवायचं आसतंय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. परेड आसती की."

"मग न्हाय. लोकांच्या म्होरं चालत वाजवायचं न्हाय आपण. बसून काय वाजवायचं ते वाजीव."

तेव्हा मला कळलं की त्यांचं वैर कातड्याशी नव्हतंच. पुढं चालण्याशी होतं. तू ड्रम परत करून आलास, आणि नंतर कधीतरी एका ऑर्केस्ट्राच्या तालमीत डोकावून आलास तो वेगळाच होऊन. "सुजे, आक्खा ऑर्केस्ट्रा हुबा, आणि त्यो एकटा बसल्याला. राजावानी." ड्रमसेटवाला बसून वाजवतो, हा शोध तुला लागला होता. आबांचं वाक्य आता तुझ्या कामाचं झालं होतं.

ऑर्केस्ट्रात तू फार टिकला नाहीस. जत्रांतली धूळ, लोकांच्या शिट्ट्या, फर्माइशी तुला झेपायच्या नाहीत. तुला बंद खोली आवडायची. नव्वदच्या दशकात राजारामपुरीत तो स्टुडिओ निघाला आणि तुझं बस्तान बसलं. वरच्या मजल्यावर रेकॉर्डिंग, खाली दहावी-बारावीचे क्लास. तुझ्या मोठ्या ड्रमच्या दणक्यानं खालच्या सरांच्या फळ्यावरचा खडू घसरतो, अशी तक्रार आली, तेव्हा तू आईची घोंगडी नेऊन त्या ड्रमच्या पोटात कोंबलीस. सरही गप्प झाले आणि आवाजही हवा तसा आला. आई मात्र थंडी पडली की शेवटपर्यंत त्या घोंगडीचा विषय काढायची.

माझा दवाखाना तिथून दोन गल्ल्या सोडून. दुपारच्या सुट्टीत तुझा डबा घेऊन यायचे आणि काचेच्या अलीकडे बसून बघायचे. तेव्हा सगळे एकदम वाजवायचे. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा. तुझी एक खोड मला फार दिवसांनी कळली. गाणारीचं चुकलं, सनईवाल्याचं चुकलं, की तू स्टिक उंच करून म्हणायचास, "माजं चुकलं. परत घिऊया." गाणारी सुटकेचा श्वास टाकायची आणि पुढच्या वेळी नीट गायची. मी तुला म्हटलं होतं, "अशानं लोक तुलाच कच्चा म्हणतील की." तू भाकरी मोडत म्हणालास, "म्हणू देत. घरी लवकर जायला मिळतंय."

काय काय वाजवलंस रे. सकाळी अंबाबाईची आरती, दुपारी लावणी, मधल्या वेळात ट्रॅक्टरची जाहिरात. भीमजयंती जवळ आली की तुला जेवायला सवड नसायची, सगळ्या वस्त्यांना आपापली नवी कॅसेट हवी. कॅसेटच्या कव्हरवर बारीक अक्षरात 'ताल : मिलिंद आणि सहकारी' असं यायचं. आईनं एकदा विचारलंही, "ती सहकारी पोरं हायत तरी कोण? घरी आण की जेवायला." सहकारी कुणीच नव्हतं. तू एकटाच होतास, दोन हात नि दोन पाय.

आणि ते निवडणुकीचं. एका चौकात दोन प्रचाराच्या रिक्षा समोरासमोर अडकल्या, दोन्हींवर भोंगे, दोन वैरी पक्ष, आणि दोन्ही गाण्यांत ड्रम तुझा. चालही एकाच लयीची. कार्यकर्ते एकमेकांना शिव्या घालत होते आणि भोंग्यांतून तू दोघांनाही बरोबर धरून ठेवलं होतंस. मी सायकलवर होते. उतरून हसत उभी राहिले.

आबा एकदाच आले स्टुडिओत. निवृत्त झाल्यावर. माझी ड्यूटी बदलली होती म्हणून डबा घेऊन तेच आले. आम्हाला वाटलं, आता काय म्हणतात. ते काचेपलीकडून तुला तासभर बघत बसले. तू बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या स्टुलाला पाठ न्हाय. दिवसभर बसतोस कसा?" वाजवण्याबद्दल अवाक्षर नाही. पण पुढच्या आठवड्यात फौंड्रीतल्या जुन्या दोस्ताकडून लोखंडी पाठ वेल्डिंग करून घेऊन आले, आणि स्वतः पान्यानं ती तुझ्या स्टुलाला बसवून गेले.

आता त्या दिवसाकडे येते. पुण्याहून एक संगीतकार आले होते. सिनेमाचं गाणं, कुस्तीच्या मैदानाचं. मोठं काम. हे जमलं तर पुण्या-मुंबईच्या रेकॉर्डिंगला तुझी वर्णी लागणार, असं कीबोर्डवाला बापू आदल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत सुटला होता. गाण्यात हलगी हवी होती आणि ठरवलेला हलगीवाला आलाच नाही. कुठल्यातरी जत्रेत अडकला. हलगी मात्र तिथं होती, खुर्चीवर ठेवलेली. संगीतकारांनी तुझं आडनाव विचारलं. तू सांगितलंस. त्यांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी हलगी उचलून तुझ्यापुढं धरली. "अरे मग प्रश्नच मिटला. हे तर तुमच्या रक्तातच असणार."

मी डबा घेऊन दारात उभी होते. तू माझ्याकडं बोट केलंस. "रक्तात काय आसतंय ते माझी बहीण सांगंल. नर्स हाय ती."

बापू फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. संगीतकार चांगला माणूस होता, त्यानं मनावर घेतलं नाही. पुन्हा पुन्हा आग्रह करत राहिला. तू म्हणालास, "पावणं, मी ही वाजवत न्हाय. ऑक्टोपॅडवर तसा आवाज काढून देतो." त्यांना खरीच हवी होती. शेवटी तू स्टिक पिशवीत घातल्यास, माझ्या हातातला डबा घेतलास आणि जिना उतरलास. खालच्या क्लासमध्ये भूमितीचा तास चालू होता. आपण दोघं बसस्टॉपपर्यंत चालत गेलो.

पुण्याचं काम गेलं. पुढचंही गेलं. त्या माणसानं तुझ्याविरुद्ध काही केलं नसेल, पण दुसरा कुणी ड्रमर सापडला आणि तोच पुढं गेला, एवढं साधं असतं ते. घरी तू काही सांगितलं नाहीस. मला राहवेना. जेवताना मीच सगळं आबांसमोर ओकून टाकलं, शेवटी म्हटलं, "तुमच्या शब्दापायी चाललंय हे."

आबांनी घास गिळला. "चालत वाजीव म्हणत व्हता का त्यो?"

"न्हाय. स्टुडिओतच. बसून."

"मग?" ते तुझ्याकडं वळले. "बसून म्हणलं व्हतं की मी. मग का सोडलंस?"

दादा, तुझा तो चेहरा मी विसरले नाही. तू ताटात पाणी ओतलंस, हात धुतलेस आणि बाहेर जाऊन उभा राहिलास. आबांना उत्तर मिळालं नाही. दोन-तीन वर्षांत ते गेले, तेही उत्तर न मिळताच. आणि मी आपली माझ्या मनानं उत्तर तयार केलं. हा पोरगा इतका दबलाय की आता बापानं वाजव म्हटलं तरी याचा हात मोकळा होत नाही. आजोबांचा अपमान आणि आबांचा विळा, दोन्ही याच्या बोटांत जाऊन बसलेत. हा आतल्या आत हलगीवाला आहे आणि आम्ही त्याला जन्मभर ड्रमवर बसवून ठेवलंय. किती छान उत्तर होतं. मी ते इतकी वर्षं सांभाळलं.

मग हलगीचे दिवस पालटले. नव्या शतकात ती स्टेजवर आली, शहरातली पोरं शिकायला लागली, आपल्या वस्तीतलीही. मला तर चेवच चढला. दर रविवारी तू आणि वहिनी जेवायला आलात की मी सुरू. ही आपली कला आहे, आपण का लाजायचं, गावानं सक्ती केली तो गावाचा गुन्हा, वाद्याचा काय, तू जयंतीला हलगी घेऊन उभा राहा, सगळ्यांची तोंडं बंद होतील. तू रस्सा वाढून घेत ऐकायचास.

"एवढी आवडती तर तू शीक की."

"मला काय ताल कळतोय?"

"मग मला तरी काय कळतंय म्हणायचं? बास की आता. पाणी दे."

त्याच सुमाराला कॉम्प्युटर आला आणि स्टुडिओत ड्रमसेटला हात लागेनासा झाला. एका माणसाच्या टेबलावर सगळं वाजायला लागलं. मला वाटलं, आता हा खचणार. मी तोंड पाडून स्टुडिओत आले, तर तू ऑपरेटरच्या शेजारी पाठीच्या स्टुलावर रेलून चहा पीत होतास आणि मशीनला काय वाजवायचं ते त्याच्याकरवी सांगत होतास. "बरं झालं सुजे," म्हणालास. "आता हात ह्याचं दुकत्याल." काम कमी झालं, पण घरी पडवीत ड्रमसेट मांडून तू रोज दुपारी वाजवायचास, कुणी सांगितलेलं नसताना, कुणी ऐकत नसताना. वहिनी सांगायची, वाजवून झालं की माणूस आंघोळ केल्यासारखा दिसतो. मला ते कानावर येत होतं. पण माझं उत्तर आधीच तयार होतं ना, त्यामुळं ते त्यात बसवून घ्यायची.

दिवाळीनंतर तुझ्या हृदयाचं दुखणं निघालं. तुला पहिल्या दिवशी तपासलं तेव्हाच डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. पाय सुजलेले, दोन पायऱ्या चढलास की धाप. मी आकडे वाचू शकते, हा माझ्या नोकरीचा शाप. म्हणून त्या दुपारी, वॉर्डात भेटायला येणाऱ्यांची वेळ संपल्यावर, मी स्टूल ओढून तुझ्याजवळ बसले आणि ठरवलं की आज विचारायचंच.

"दादा, खरं सांग. त्या दिवशी हलगी का वाजवली न्हाईस? आबाला भिऊन?"

तू माझ्याकडं बघितलंस. मग छताकडं. मग म्हणालास, "मला येत न्हाय."

"काय येत न्हाय?"

"हलगी. तवाबी येत न्हवती, आताबी येत न्हाय."

तू हसायला लागलास, तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून. "आगं, तवर कवा हातात घेतली व्हती मी? घरात डमरू टिकू दिलं न्हाय आबानं. डाव्या हातात लांब काडी, उजव्यात टिपरू, ह्याचं वळण येगळं, त्याचं येगळं. आन् माजं अर्धं वाजवणं तर पायात हाय. हलगीला पाय कुटं लावू?"

"मग तसं सांगायचंस की त्या संगीतकाराला."

"कसं सांगू? त्यो म्हणतोय रक्तात हाय. बापू म्हणतोय रक्तात हाय. तू दारात हुबी, तुज्या तोंडावरबी तेच. येत न्हाय म्हणलो आसतो तर सगळ्यास्नी वाटलं आसतं, लाजतोय ह्यो. म्हणून वाजवत न्हाय म्हणलो. तेवढंच जरा भारी वाटलं."

"आणि आबांना?"

"त्यांनीबी तेच इचारलं की. का सोडलंस. त्यास्नीबी वाटत व्हतं, येत आसणार." तू थांबून श्वास घेतलास. "मला ड्रम आवडतोय गं. पयल्यापासनं. एवढंच हाय. माज्यात कोण खानदानी हलगीवाला मेलाय, आसं समजून बसली व्हतीस व्हय तू?"

व्हय म्हटलं मी. मग मला हसू आवरेना. तू हसत होतास, मी हसत होते, मॉनिटर टुणटुण करायला लागला आणि पलीकडची सिस्टर धावत आली. मला म्हणाली, "तुम्ही तरी समजून घ्या की, मॅडम." मी सॉरी म्हटलं, तुझा मास्क नीट बसवला, आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला टेकून रडले. इतकं हलकं रडणं मला आजवर आलं नव्हतं. दुसऱ्याची चूक हसत अंगावर घेणारा माणूस तू, पण 'मला येत नाही' एवढं म्हणायची जागाच आम्ही कुणी तुला ठेवली नव्हती. आणि बाकी काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तुझं काही हिरावलं नव्हतं. तुला जे आवडत होतं तेच तू मरेपर्यंत, बसून, पाठ टेकून वाजवलंस.

तू गेलास ती सकाळ. बापूनं स्टुडिओतली सगळी माणसं गोळा केली होती, आणि त्याच्या भरल्या मनाला सुचलं ते हे, की गल्लीच्या तोंडाशी हलगीचं पथक आणून उभं केलं. बिद्रीकडचे लोक, डोक्याला फेटे, एक वयस्कर आणि तिघं तरणे. "कलाकाराला आसा मुका न्यायचा न्हाय," बापू म्हणाला. विहारातले काका पुढं झाले, काठी आपटली. "आपल्यात हलगी बंद झालीया. आज तिच्या म्होरं न्यायचं त्याला? त्याच्या बापाला काय तोंड दावायचं?" दोघांचे आवाज चढले. गल्ली थांबली. शववाहिकेचा ड्रायव्हर खाली उतरून उभा राहिला. वहिनीनं माझा हात धरला. "वन्सं, तुमीच सांगा."

सगळे माझ्याकडं बघत होते. बापूला वाटत होतं, ही हो म्हणणार, हलगीवर किती भांडायची. काकांना वाटत होतं, ही आबांची लेक आहे, नाही म्हणणार. मी बापूला म्हटलं, "त्याला हलगी येत नव्हती रे."

"कोण म्हणतंय?"

"तोच म्हणाला. जे त्याला येत नव्हतं ते वाजवून त्याला कशाला न्यायचं?"

बापूनं पथकाला मागं घेतलं. काकांच्या बाजूनं निकाल लागला होता, पण त्यांना हवं होतं ते कारण त्यात नव्हतं, त्यामुळं तेही जरा नाराजच दिसले. मग काकांनी त्रिसरण पंचशील सुरू केलं, सगळ्यांनी मागून म्हटलं, आणि गाडी निघाली. बापूनं आपलं ऐकलं हे मात्र खरं. पंचगंगेवर चितेच्या शेणी रचून होईपर्यंत तो माझ्या शेजारी उभा होता आणि एकदाच पुटपुटला, "आयला, येत न्हवती व्हय त्याला."

त्यानंतर येणारा प्रत्येक जण तेच म्हणतोय, दादा. रक्तात होतं त्याच्या. घराण्यातच होतं. आणि मी चहाचा कप ठेवून दर वेळी सांगते की नव्हतं. आमच्या घराण्यात ड्रमसेट कुणी बघितलाही नव्हता. ट्रंकेवर बडवत, बँडचा ड्रम परत करत, ऑर्केस्ट्रात धूळ खात, दुसऱ्याचं बघून, चुकत, परत घेत शिकला तो. जे काही होतं ते त्यानं कमावलेलं होतं, त्याचं श्रेय आजोबांना देऊ नका, त्यांना ते नकोच होतं. काही जण मान हलवतात, काही जणांना मी उद्धट वाटते. तू हसला असतास.

आपलं भांडण मात्र मिटलेलं नाही हं. हलगी ही आपलीच कला आहे आणि ती आपण घ्यायला हवी, हे माझं म्हणणं कायम आहे. तुला येत नव्हती म्हणून माझा मुद्दा खोटा ठरत नाही.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी घाटावरून घरी आलो तर तो वयस्कर हलगीवाला ओट्यावर बसलेला. फेटा नाही, हलगी नाही. शामराव नाव. मला वाटलं, त्या दिवशी परत पाठवलं त्याचं वाईट वाटून आलेत. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"त्ये न्हवं, बाई. मास्तर वळखीचं आमच्या. गेल्या पावसाळ्यात आलतं माझ्याकडं गाडी घिऊन. बहीण लई मागं लागलीया म्हणलं, शिकवा जरा."

मी पायरीवरच बसले. गेल्या पावसाळ्यात. म्हणजे दवाखान्यात 'आताबी येत न्हाय' म्हणालास ते जाऊन, करून बघून म्हणाला होतास. आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस.

"मग?"

"मग काय. न्हाय जमलं. तालात पक्कं माणूस, पर हात वळंना. काडी सुटून म्हशीच्या पाठीत. परत दिली, परत पाठीत. आमच्यातली बायका-पोरं हसून बेजार, आन् सगळ्यात जास्त तेच हसत्यात. चार-पाच डाव आलं. शेवटी मी म्हणलं, मास्तर, ह्यो काय तुमचा घास न्हाय. तर कसं खुश झालं. म्हणलं, शामराव, एकदा येऊन माझ्या बहिणीला सांगा एवढं."

वहिनी दारात पाणी घेऊन उभी होती. ती रडत होती की हसत होती, मला दिसलं नाही, मला माझंच दिसत नव्हतं. शामरावांनी तांब्या घेतला, पाणी प्यायले, मिशा पुसल्या.

"मास्तर हाय तवर यायचं ऱ्हाऊन गेलं. आज सांगून मोकळा झालो बगा."

मीही झाले, दादा.